स्मृतिभ्रंश आणि घरी सांभाळणारी माणसं : विदर्भातल्या गावांमधून विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या खेड्यांत हे प्रश्न उपकेंद्राच्या बाकावर, घराच्या ओट्यावर, एसटीच्या थांब्यावर विचारले जातात. विचारणाऱ्या बहुतेक सुना आणि लेकी असतात. उत्तरं लिहिताना त्याच डोळ्यासमोर आहेत.

वय झालं की माणूस विसरतोच. मग याला आजार का म्हणायचं?

वयानुसार नाव पटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही. पण थोड्या वेळाने आठवतं आणि रोजचं काम अडत नाही. स्मृतिभ्रंशात काम अडतं. जन्मभर वावर केलेला माणूस स्वतःच्या धुऱ्यावर उभा राहून विचारतो, हे वावर कोणाचं? पन्नास वर्षं भाकरी थापलेली बाई परातीसमोर बसते आणि पुढे काय करायचं ते तिला सुचत नाही. दुपारी पोटभर जेवूनही ‘मले सकाळपासून कोणी जेवाले देल्लं नाही’ असं शेजारी जाऊन सांगणं, पैशाचा हिशेब चुकणं, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, शांत माणूस एकाएकी संशयी किंवा चिडका होणं, ही सगळी त्याचीच लक्षणं आहेत.

मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात म्हणून हे घडतं. याचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळतो तो अल्झायमर. साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांत तोच असतो. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली पहिल्यांदा या आजाराचं वर्णन केलं, ते पन्नाशीतल्या एका बाईचं होतं. म्हणजे फक्त पिकल्या वयाशी याची सांगड घालता येत नाही. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरचे सोडून देतात आणि जी वर्षं हाताशी होती ती अशीच निघून जातात.

हा शहरातल्या लोकांचा आजार नाही का? आमच्याकडे तर माणसं अंगमेहनत करतात.

नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ६० वर्षांवरच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त आढळलं. सरासरी धरली तर दोनशे म्हातारी माणसं असलेल्या गावात चौदा-पंधरा घरांत हे चालू असणार. ती घरं दिसत नाहीत, कारण लोक काय म्हणतील या भीतीने दार लोटलेलं असतं.

सासूबाईंना घरात न दिसणारी माणसं दिसतात. बाहेरची बाधा तर नसेल?

स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत, विशेषतः लेवी बॉडी या प्रकारात, नसलेली माणसं, जनावरं, लहान पोरं स्पष्ट दिसतात. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांचा मेंदू त्यांना ते दाखवतो. दिवेलागणीला अंधुक उजेडात हे वाढतं. म्हणून संध्याकाळ व्हायच्या आधीच लाइट लावा, आणि दोरीवर वाळत घातलेलं लुगडं त्यांच्या खाटेसमोरून काढा.

देवाला नारळ फोडायचा असेल तर फोडा. पण धुरी देणं, उपाशी ठेवणं, छडीने मारणं, साखळीने बांधणं हे उपचार नव्हेत, तो छळ आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. एकट्या राहणाऱ्या विधवा बाईच्या वागण्यातला बदल पाहून गावात जेव्हा कुजबुज सुरू होते, तेव्हा आशाताईंनी आणि पोलीस पाटलांनी तिच्या बाजूने उभं राहायलाच हवं.

बाबा परवापर्यंत बरे होते, कालपासून एकदम बरळू लागले. हाच आजार का?

एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ वेगळा आणि तातडीचा असतो. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, साखर घसरणं, उन्हाचा तडाखा, पडून डोक्याला मार, नवीन सुरू झालेली गोळी, दारू एकदम बंद होणं, पक्षाघात: यांतलं काहीही असू शकतं. वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आधीपासून स्मृतिभ्रंश असलेला माणूस अचानक जास्त बिघडला तरी हाच नियम.

कुठे दाखवायचं? नागपूरलाच न्यावं लागतं का?

सुरुवात गावातूनच होते. आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा जो सीबॅक फॉर्म (आजारांच्या प्राथमिक तपासणीची प्रश्नावली) भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी ‘जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का’ हा प्रश्न आहे. तो भरताना सुनेने खरं सांगावं. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. ‘मानसोपचार’ अशी पाटी पाहून परत फिरू नका. मोठ्या तपासणीसाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे, यवतमाळ, अकोला, चंद्रपूरची वैद्यकीय महाविद्यालयं, नागपूरचं मेडिकल आणि मिहानमधलं एम्स आहे.

जाताना तीन गोष्टी न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या (पट्टीसकट), जुने कागद, आणि रोज सोबत राहणारं माणूस. हे तिसरं सर्वांत महत्त्वाचं. मुलगा गाडी चालवतो म्हणून तो आत जातो आणि ज्या सुनेला सगळं माहीत आहे ती बाहेर झाडाखाली बसते, असं फार वेळा होतं. डॉक्टरांना हवी असलेली माहिती तिच्याकडे असते: कधीपासून, रात्री किती वेळा उठतात, कपडे स्वतः घालतात का, पडले होते का.

रक्ताच्या तपासणीत बी-१२ आणि थायरॉइड बघायला सांगा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, डोक्यात साचलेलं रक्त, काही गोळ्यांचे परिणाम यांनीही विसरभोळेपणा येतो, आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. शाकाहारी माळकरी घरांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडण्याची शक्यता जास्त.

‘आमची माय शाळेत गेली नाही, तिला परीक्षा कशी जमेल’ ही चिंताही करू नका. निरक्षर ज्येष्ठांसाठी वेगळी प्रश्नावली हरियाणातल्या बल्लभगड भागात तयार झालेली आहे. चांगला डॉक्टर तारखेऐवजी सध्या कोणता हंगाम आहे ते विचारतो.

औषधाने बरं होतं का?

अल्झायमर बरा होत नाही. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमँटिन या गोळ्यांनी काहींच्या लक्षणांत काही काळ फरक पडतो. पूर्ण बरं करण्याची हमी देऊन पैसे घेणाऱ्यापासून लांब राहा. वावर गहाण टाकून असल्या उपचारांमागे गेलेली घरं आहेत. झोपेच्या आणि ‘शांत करणाऱ्या’ गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणून देऊ नका. त्यांनी माणूस पडतो, हाड मोडतं, आणि त्यातल्या काही औषधांनी म्हाताऱ्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. डॉक्टरांनी फारच गरज म्हणून दिल्या तर कधी बंद करायच्या हेही त्याच वेळी विचारून घ्या.

सासरे पहाटे उठून बैल सोडायला निघतात. बैल विकून कितीतरी वर्षं झाली. काय सांगायचं?

बैल विकल्याचं सांगू नका. त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी नवीन असते आणि दर वेळी तितकीच लागते.

घाटंजीकडच्या एका सुनेने यावर स्वतःच मार्ग काढला होता. सासरे कासरा शोधायला लागले की ती म्हणायची, “मामाजी, बैल चारा खाऊन राह्यले. तुमी तवर चा घ्या.” मग जुना कासरा त्यांच्या हातात द्यायची. ते तो उकलायचे, पीळ तपासायचे, पुन्हा व्यवस्थित गुंडाळायचे. बोटांना ते काम पाठ होतं. अर्ध्या तासात उजाडायचं आणि बैलांचा विषय मागे पडायचा. कोणत्याही पुस्तकाशिवाय तिला जे उमगलं तेच या आजारातले जाणकारही सांगतात: वाद घालू नका, त्यांच्या मनात काय चाललंय त्याला धरून बोला आणि हाताला ओळखीचं काम द्या.

तुरीच्या शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, वाती वळणं, कापसातून सरकी काढणं, अशी कितीतरी कामं आपल्या घरात आहेत. काम चुकलं तरी चालेल. निवडलेले तांदूळ तुम्ही नंतर पुन्हा निवडा, त्यांच्यासमोर नको.

गाणं फार उशिरापर्यंत टिकतं. नातवाचं नाव न आठवणाऱ्या आजी भुलाबाईची गाणी न अडखळता म्हणतात. भजनात खंजिरी वाजवलेल्या माणसाचा हात ठेका धरतो. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना गावात होत असेल तर त्यांना तिथे नेत राहा.

सासूबाई सगळ्यांना सांगतात की मी त्यांची बोरमाळ चोरली.

या आजारातला हा सर्वांत जिव्हारी लागणारा भाग आहे. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि रिकामी जागा मेंदू ‘कोणीतरी नेली’ असं म्हणून भरून काढतो. नाव बहुतेक वेळा जवळच्याच माणसाचं येतं, कारण दिवसभर समोर तीच असते. जी सर्वांत जास्त करते तीच चोर ठरते.

त्यावर ‘मी कशाला घेऊ’ असा वाद नको. “चला, दोघी मिळून शोधू,” म्हणा. लपवण्याच्या नेहमीच्या जागा माहीत करून ठेवा: उशीच्या खोळीत, पिठाच्या डब्यात, गोधडीच्या घडीत. खरे दागिने घरातल्या दोन-तीन माणसांच्या साक्षीने बँकेत किंवा कुलुपात ठेवा आणि त्यांना तशीच दिसणारी खोटी माळ द्या.

आणि दिवाळीला माहेरी येणाऱ्या लेकींना, पुण्या-मुंबईहून फोन करणाऱ्या लेकांना एक कळकळीची विनंती. आई फोनवर ‘सून जेवू घालत नाही’ म्हणाली तर त्या सुनेला जाब विचारण्याआधी चार दिवस घरी येऊन राहा. फोनवर पाच मिनिटं आई अगदी ठणठणीत वाटते. रात्रीची आई तुम्ही पाहिलेली नसते. खरोखर हेळसांड होत असेल तर तीही राहिल्यावरच दिसेल.

घरात आणि वावरात काय जपायचं?

फवारणीचं औषध घरात कुलपाबाहेर एक दिवसही ठेवू नका. स्मृतिभ्रंश झालेला माणूस बाटलीतलं काहीही पाणी किंवा सरबत समजून पितो. रिकाम्या डब्यांत पाणी, तेल भरायची सवय तर कायमची सोडा. बिनकठड्याच्या विहिरीवर जाळी टाका. चूल पेटवून बाई विसरून जाते, तेव्हा काडेपेटी आणि गॅसचं रेग्युलेटर तुमच्या ताब्यात असू द्या. न्हाणीत शेवाळ घासून काढा, भिंतीला धरायला पक्का बांबू किंवा पाइप लावा.

आपला उन्हाळा या माणसांसाठी जीवघेणा असतो. पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्यांना तहान लागल्याचं कळत नाही, कळलं तरी सांगता येत नाही. ‘पाणी पाहिजे का’ असं विचारू नका, पेला हातात द्या. ताक, पन्हं, पातळ आंबील थोडं थोडं देत राहा. जाड कपडे एकावर एक घालून बसले असतील तर गोडीने काढा.

न सांगता निघून जातात. कोंडून ठेवावं का?

एकट्याला कुलूप लावून वावरात जाऊ नका. आग लागली, पडले, तर कोण बघणार? त्यापेक्षा दाराला घुंगरू किंवा घंटी बांधा. सदऱ्याच्या आतल्या खिशावर, लुगड्याच्या पदराच्या आतून, घरचा फोन नंबर शिवून टाका. चिठ्ठी ते फेकून देतात. अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. किराणावाला, ऑटोवाले, पानठेला, पोलीस पाटील यांना आधीच सांगून ठेवा.

एसटीचंही लक्षात ठेवा. पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत आहे, म्हणजे खिशात दमडी नसलेला माणूसही समोर आलेल्या गाडीत बसून दुसऱ्या तालुक्यात पोचू शकतो. हरवल्याचं कळताच विहीर, नाला, जुनं घर, माहेरचा रस्ता बघा, आगाराला फोन करा आणि ११२ वर कळवा. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे.

सातबारा, बँक, पेन्शन यांचं काय?

हे काम सुरुवातीच्या काळातच करा, जेव्हा त्यांना समजतं आणि स्वतःचं मत सांगता येतं. मृत्युपत्र, वारसांची बोलणी, बँकेत नॉमिनी हे सगळं डॉक्टरांचा सल्ला घेऊन, सगळ्या भावंडांसमोर. मुखत्यारपत्र केलं की कायमचं झालं असं समजू नका. माणसाची समज गेली की कायद्याने त्याचा अंमल संपतो. पुढे पालक नेमायला न्यायालयात जावं लागतं. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे मोफत सल्ला मिळतो. समज गेलेल्या माणसाचा अंगठा घेऊन वावर नावावर करणं ही उघड फसवणूक आहे, मग घेणारा मुलगा असो की पुतण्या.

सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे भरती होऊन घ्यायचे उपचार मिळतात. श्रावणबाळ योजनेच्या हयातीच्या दाखल्याची तारीख मात्र सांभाळणाऱ्यालाच लक्षात ठेवावी लागते.

मी थकले. कधी कधी इतका राग येतो की हात उगारला जातो. मी वाईट आहे का?

नाही. तुम्ही रात्री चार वेळा उठता, ओली गोधडी बदलता, एकच प्रश्न वीस वेळा ऐकता, आणि सकाळी सहाला सडा टाकून दिवस सुरू करता. निंदणाची, वेचणीची मजुरी बुडते ती वेगळीच. कोणाचंही डोकं फिरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या आकड्यांवरून सांगितलं आहे की स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणारे घरचे लोक दिवसाला सरासरी पाच तास त्यात घालवतात आणि यातले ७० टक्के तास बायकांचे असतात. आपल्याकडे त्या तासांना ‘सुनेचं कर्तव्य’ म्हणून मोकळं होतात.

राग अनावर झाला की माणूस सुरक्षित बसलंय एवढं बघा आणि ओट्यावर या. पाच मिनिटं. पाणी प्या. मनातला राग निवेपर्यंत परत जाऊ नका. तुमच्या मागून दुसरं कोणी जाऊ शकलं तर उत्तम. वारंवार असं होत असेल, रडू थांबत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेलीमानस नंबरवर मराठीत बोला. तो नंबर सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. स्वतःचं बीपी, साखर तपासायची तारीख सासूबाईंच्या तारखेसोबतच ठेवा.

नवऱ्याशी एक गोष्ट स्पष्ट बोला: रात्री वाटून घ्यायच्या. ‘मला वावरात जायचं असतं’ हे खरं आहे, पण तुम्हालाही जायचं असतं. हे काम पुरुषांना जमत नाही हे साफ चूक. हातपंपावर बायकोचं लुगडं धुणारे, तिची वेणी घालून देणारे म्हातारे नवरे गावोगावी आहेत. त्यांना हसणाऱ्यांनी जरा त्यांच्या जागी राहून पाहावं.

अशा घरांसाठी गावाने काय करावं?

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्या दिवशी ग्रामपंचायतीत सांभाळणाऱ्यांचा सत्कार जरूर करा, शाल-नारळ द्या, त्यांची नावं माइकवर घ्या. आयुष्यभरात त्यांचं नाव कोणी घेतलेलं नसतं. पण सत्काराला यायचं तर घरी म्हाताऱ्याजवळ कोण बसणार, हे आधी ठरवा. सन्मानाची खरी सुरुवात तिथून होते.

बचत गटाने आठवड्यातली एक दुपार वाटून घेतली, तर सांभाळणारीला बाजार करता येतो, माहेरी जाऊन येता येतं, किंवा नुसतं झोपता येतं. तालुक्याला जाणाऱ्याने औषधाची चिठ्ठी न्यावी. न्हाव्याने घरी येऊन दाढी करावी. भजनी मंडळाने महिन्यातला एक गुरुवार त्या ओट्यावर बसावं. भेटायला गेलात तर ‘कशी आहे तब्येत यांची’ विचारून झाल्यावर ‘तू जेवलीस का’ हेही विचारा, आणि तासभर स्वतः खाटेजवळ बसा. ‘आमच्या वेळी आम्ही असं केलं असतं’ हे घरीच ठेवून जा.

आईला झालं, मला पण होईल का?

पन्नाशी-साठीच्या आत सुरू होणारे काही विरळ प्रकार सोडले तर तो सरळ वारशाने येत नाही. धोका थोडा वाढतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार टाळता किंवा सुधारता येण्यासारख्या १४ कारणांवर काम झालं तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा आजार लांबवता येतो. त्यात बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट, जास्त दारू, डोक्याला मार, एकटेपणा, कमी शिक्षण आहे. ऐकू न येणं आणि दिसेनासं होणं हेही आहे. तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘आता या वयात कशाला’ म्हणून टाळू नका, कानाचं मशीन लाजेने पेटीत ठेवू नका, मोटारसायकलवर हेल्मेट घाला, आणि मुलींना शाळेतून काढू नका.

शेवटी-शेवटी काय होतं?

चालणं, बोलणं थांबतं, गिळताना ठसका लागतो. बसवून, मऊ आणि घट्टसर अन्न, छोटे घास. दर दोन तासांनी कूस बदला म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. अन्नासाठी नळी, दवाखान्यात भरती, घरीच ठेवणं याचे निर्णय घाईच्या रात्री घ्यायला लागू नयेत म्हणून घरच्यांनी आणि डॉक्टरांनी आधी बोलून ठेवावं. तुमची ओळख पटत नसली तरी तुमचा आवाज आणि हात त्यांना शांत करतो.

फोन नंबर एकत्र सांगा.

मानसिक आधारासाठी टेलीमानस १४४१६. ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी एल्डरलाइन १४५६७. रुग्णवाहिका १०८. पोलीस ११२. चारही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि त्याखाली रात्री-अपरात्री धावून येईल अशा एका शेजाऱ्याचा.